एकशे चौदा नंबरची घोडी

मोतीराम खोकल्याने गेला. त्यानंतर बडनेरा स्टेशन ते राजापेठ हा त्याचा टांग्याचा फेरा त्याचा धाकटा भाऊ देवमन मारू लागला. घोडी मात्र मोतीरामच्या बायकोची, मनकर्णाची. तिला चंदी चारायची, खरारा करायचा, पाय धुवायचे, सगळं तीच बघायची. घोडीचं नाव मैना. मांडीवर पैदास खात्याचा एकशे चौदाचा डाग होता. अकोल्याकडच्या एका देशमुखाच्या तबेल्यातून मोतीरामने ती शिंगरू असतानाच आणली होती. तिच्या आईबापांचा दाखला पुढे वाळवीने खाल्ला.

टांग्याचं काय, रिक्षा येऊ लागल्या होत्या. मैनेची चांगली शिंगरं झाली तर बरे दिवस येतील, हीच मनकर्णाची आस होती. बडनेऱ्याला पैदास खात्याचा एक वळू घोडा उभा असायचा. त्याच्याकडून मैना फळली, अकरा महिने पोटात वागवलं, आणि शिंगरू मेलेलंच पडलं. त्याच वळूचं दुसरं जिवंत जन्मलं, पण पुढचे पाय मागे वळलेले. आईच्या सडापर्यंत त्याला पोचता येईना. मनकर्णाने चार दिवस वाटीने दूध पाजलं. पाचव्या दिवशी त्याने मान टाकली. शेजारच्या बाया म्हणाल्या, रांडमुंड बाईच्या हाताला यश नाही.

एक दिवस वळूला पाणी पाजायला काढलं होतं, तेव्हा मनकर्णाचं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. उजव्या बाजूला केसांचा उलटा भोवरा. मैनेलाही तिथेच, तसाच. बापलेकीच्या रक्ताची शिंगरं धड निघत नाहीत, हे तिने मोतीरामकडून ऐकलं होतं.

"देवमन, हा मैनेचा बाप त नसंल?"

"वयनी, भोवरे काय शंभर घोड्याइले असते," देवमन म्हणाला.

वळू आणि नोंदलेल्या घोड्या, साऱ्यांची वंशावळ अकोल्याच्या कचेरीत होती. मनकर्णा रेल्वेने अकोल्याला गेली. कारकून खुशालराव यांनी तिला दारातच थांबवलं.

"पुस्तक खात्याचं आहे, बाई. लोकांना दाखवायचं नसतं."

"मले पुस्तक नोको, बाबूजी. एकशे चौदाचा बाप कोन, इतकंच सांगा."

"अर्ज करा."

अर्ज केला. उत्तराची वाट बघत दोन वर्षं गेली, तोवर तिने मैनेला वळूकडे नेलं नाही. चैत्रात ती पुन्हा गेली. तेव्हा खुशालराव म्हणाले की घोडी समोर आणल्याशिवाय डाग तपासता येत नाही. हे ऐकून ती परत आली, तर गोठ्यात देवमन खाली मान घालून बसलेला.

"मैना माजावर आली होती, वयनी. हंगाम चालला होता. म्या तिले दाखवून आनली."

"त्याच वळूकडं?"

देवमनने मान हलवून हो म्हटलं.  मनकर्णाने जाऊन मैनेच्या पोटाला हात लावला.

ज्येष्ठ लागायच्या आत तिने मैनेला सोडलं आणि कासरा धरून चालू लागली. मूर्तिजापूरमार्गे अकोला, चार दिवसांची वाट. डांबर इतकं तापायचं की ती घोडीला कडेच्या मातीतून चालवायची आणि स्वतः डांबरावरून. कोणी विचारलं, बाई, कुठं निघाल्या, की सांगायची, "हिच्या बापाचं नाव इचाराले." लोक हसायचे. तिला मात्र दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

कचेरीत डाग तपासला गेला. एकशे चौदा, बरोबर. पण साहेब दौऱ्यावर, आणि साहेबांच्या हुकुमाशिवाय पुस्तक उघडणार नाही. मनकर्णाने फाटकाजवळच्या लिंबाला मैना बांधली आणि तिथेच बसली. तिसऱ्या दिवशी मोटारीतून एक बागायतदार आले. खुशालरावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि लाल कापडाचं ते जाड पुस्तक त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवलं. खिडकीतून मनकर्णाला पान उलटताना दिसत होतं. आपण माणसातच नाही की काय, असं तिला वाटलं. तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून तिने मनाशी ठरवलं होतं की यापुढे दारात ताटकळायचं नाही. आणि आज ती पुन्हा दारातच होती.

पाचव्या दिवशी साहेब आले. जनावरांचे डॉक्टर होते, वयाने तरुण. मनकर्णा फाटकातच त्यांना आडवी आली.

"पुस्तक खात्यासाठी असतं, बाई. तसा नियम आहे," ते म्हणाले.

"साहेब, मोटारवाल्याले दाखवलं तवा नियम कुठं गेला होता? दोन शिंगरं म्या या हातानं पुरली. तिसरं पोटात हाय. थे काय वाढून राहिलं, हे तरी मले कळू द्या."

डॉक्टरांनी तिला आत नेलं आणि खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव टेबल पुसू लागले. मग डॉक्टरांनी स्वतः पुस्तक काढलं, एकशे चौदावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात वाचलं. बाप, वळू क्रमांक नऊ. बडनेऱ्याला उभा होता तो नऊच.

"कोणीतरी आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"म्या त इचारूनच राहिली होती, साहेब. दोन वर्सं."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. पोटातल्याचं काय करता येईल, हे तिने विचारलं. जपा, एवढंच ते म्हणाले. कधीकधी चांगलंही होतं.

परतीची वाट तिने सहा दिवसांत केली, मैनेला जपत. नऊ महिने गेले. फाल्गुनात भर दुपारी मैना व्यायली. मादी शिंगरू, अंगाने पूर्ण, पायही सरळ. मनकर्णाने नाकातोंडावरचा पडदा काढला, पेंढ्याने अंग चोळलं, तोंडात फुंकर घातली. देवमन तिला उठवू लागला तरी ती चोळतच होती. शिंगराने श्वास घेतलाच नाही. मैना त्यानंतर कधी फळली नाही.

त्याच वर्षी डॉक्टरांनी अकोल्याच्या कचेरीत दर शनिवारी पुस्तक ओट्यावर ठेवायला लावलं. ज्याची घोडी असेल त्याने नंबर सांगावा आणि ऐकून जावं. बोरगावचे पंजाबराव आपल्या घोडीची नोंद ऐकून आले. त्यांनी तिला दुसऱ्या वळूकडे नेलं, आणि त्यांच्याकडे धडधाकट शिंगरू झालं. पुस्तक कुणामुळे उघडलं हे त्यांना कचेरीत कळलं होतं, म्हणून हे सांगायला ते मुद्दाम बडनेऱ्याला उतरले.

"तुमच्यामुळं झालं, बाई," ते म्हणाले.

मनकर्णाने त्यांना पाणी दिलं. "चांगलं झालं," ती म्हणाली, आणि मैनेची चंदी भिजवायला आत गेली. ते गेले तरी ती बाहेर आली नाही.