वहिनींचा हात

बाईने जळावं तर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एखाद्या देखण्या पोरीवर जळावं. मी जळले ती आमच्या घरमालकांच्या सुनेवर, आणि तेही मोटरसायकलच्या ब्रेकवरून. आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. लग्न करून मी सांगलीकडून थेट वसईत सांडोरला आले. एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खाली मालक, मालकीण आणि त्यांची सून. सुनेचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मागची केळीची आणि भाजीची वाडी तीच बघायची. आम्ही दोघंही तिला वहिनी म्हणायचो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कमी बोलणारी. केळीचा घड खांद्यावर घेऊन आली तरी तिला धाप लागलेली मी कधी पाहिली नाही.

माझा नवरा कामणच्या एका गोदामात सुपरवायझर होता. रोज वसई-भिवंडी रस्त्यावरून ट्रकांमधून वाट काढत जायचा, म्हणून त्याने पुढे डिस्क ब्रेक असलेली मोटरसायकल घेतली होती. या ब्रेकमध्ये तार नसते, तेल असतं. नळीत हवा शिरली की लिव्हर मऊ लागते आणि गाडी वेळेवर थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने हँडलवरची लिव्हर दाबून धरायची. दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून पान्याने निप्पल, म्हणजे तेल सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, जरासं सैल करायचं, म्हणजे बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं. निप्पल पुन्हा आवळलं की मगच लिव्हर सोडायची. आधी सोडली तर बाहेरची हवा आत जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. गॅरेजवाले तेव्हा या ब्रेकला जरा बिचकायचे, आणि आमच्या नवऱ्याचा स्वतःच्या हातांवर विश्वास फार.

पहिल्यांदा त्याने हे काम केलं तेव्हा मी माहेरी होते. परत आले, अजून पिशवी खाली ठेवली नव्हती, तर म्हणाला, "अगं, वहिनींचा हात काय स्थिर आहे! एकदा सांगितलं, कळलं. त्यांच्या विहिरीच्या पंपात हवा धरली की त्याच काढतात ना."

"बरं," मी म्हटलं. त्या दिवशी आमटीत मीठ दुप्पट पडलं, आणि ते चुकून पडलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी घरातच होते, पण मला कुणी विचारलं नाही. रविवार होता. वहिनी मिस्साहून आल्या, चर्चची साडी बदलून वाडीतला जुना गाऊन घालून अंगणात उभ्या राहिल्या. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून नवऱ्याचा आवाज यायचा, "दाबा... धरा... सोडा." किती हळू, किती जपून! मला हाक मारायची तर हा माणूस गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी मारतो. मी एकच टॉवेल तीनदा झटकला. त्यांच्यात तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. वहिनी कामापलीकडे एक शब्द बोलायच्या नाहीत. पण दोन माणसं एका कामात अशी गुंततात की तिसऱ्याला तिथे जागाच उरत नाही, आणि तिसरी मी होते. लग्नाची बायको मी, आणि जागा मात्र तिची.

तिसऱ्या वेळीही रविवारच होता. मी आधीच पदर खोचून खाली उतरले. "या वेळी मी धरते," म्हटलं.

"तुला जमेल?"

"लिव्हर दाबायला काय पदवी लागते?"

नवरा चाकापाशी बसला. निप्पलला सलाइनची नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं. वहिनी समोरच्या ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, मुद्दाम बसल्यात, माझी परीक्षा घ्यायला.

"दाब." मी दाबली. "धर." मी धरली. आणि त्याने निप्पल सैल केल्याबरोबर हाताखालची लिव्हर एकदम खचली. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. माझी बोटं आपोआप उघडली.

"सोडलं नाहीस ना?" त्याने खालून विचारलं. त्याला माझा हात दिसत नव्हता.

मी ओट्याकडे बघितलं. वहिनी शेंगांकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

एकदा खोटं बोललं की पुढची आपोआप येतात. पुन्हा दाबलं, पुन्हा लिव्हर खचली, पुन्हा बोटं सुटली. प्रत्येक वेळी तो विचारायचा, प्रत्येक वेळी मी "नाही" म्हणायचे. नळीतले बुडबुडे संपेनात. मिस्सा सुटल्यावर सुरू केलेलं, जेवणाची वेळ झाली. ब्रेक ऑइलची बाटली दोन बोटांवर आली. बिचारा घामाने निथळत होता, आणि मी मनात म्हणत होते, मेले तरी कबूल करणार नाही. कबूल केलं असतं तर लिव्हर कायमची तिच्या हातात गेली असती.

शेवटी तो उठला, लिव्हर दाबून बघितली. ती थेट मुठीला टेकली.

"आतलं रबर गेलं बहुतेक," तो म्हणाला. "आज दुकान बंद. उद्या जातो असाच, हळूहळू. मागचा ब्रेक आहे की."

असाच. कामणपर्यंत, त्या ट्रकांमधून. तोंड उघडायचं होतं आणि उघडलं नाही. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

तेवढ्यात वहिनी शेंगांची परडी बाजूला ठेवून आल्या. गाऊनला हात पुसले. "भाऊ, मी बघू एकदा?" मग मला म्हणाल्या, "बाय, जरा चिमण्यांकडे बघ, दाणे खातात शेंगांतले."

मी ओट्यावर जाऊन बसले. चिमणी एकही नव्हती. आणि तिथे बसल्यावर मला कळलं की ओट्यावरून लिव्हर धरणाऱ्याचा हात अगदी समोर दिसतो. एकूण एक बोट दिसतं.

वहिनींनी वाकून नळी जराशी चाचपली आणि लिव्हर धरली. "दाबा... धरा... सोडा." उरलेल्या दोन बोटं तेलात काम झालं. लिव्हर दगडासारखी घट्ट.

"मग इतका वेळ का होत नव्हतं?" नवरा चक्रावला.

"नळी ढिली होती, भाऊ. आता बसवली मी."

नळी त्याने स्वतः लावली होती, म्हणून तो स्वतःलाच शिव्या देत हात धुवायला गेला. वहिनी परडी घ्यायला आल्या तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळभर मी खोटं बोलले ते माझ्यासाठी, आणि ती एकदाच खोटं बोलली, तेही माझ्यासाठी. त्या दुपारी मला तिचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. जळायला निदान तिच्यात काहीतरी वाईट तरी असावं ना!

राग आठ दिवस पुरला. नवव्या दिवशी, नवरा घरमालकांबरोबर पापडीच्या बाजारात गेला होता आणि गाडी अंगणात उभी होती, तेव्हा मी वाडीत गेले. वहिनी केळीची वाळली पानं कापत होत्या.

"मला शिकवा," मी म्हटलं. हे दोन शब्द मला कारल्याहून कडू लागले.

काय शिकवा, असं त्यांनी विचारलं नाही. कोयता ठेवला, अंगणात आल्या. माझी बोटं लिव्हरवर ठेवली, वर त्यांची ठेवली. खरखरीत, गरम हात. दुसऱ्या हातात पाना घेऊन, खाली वाकून निप्पल स्वतःच सैल केलं. लिव्हर खचली, माझा हात दचकला, पण त्यांचा वरून तसाच राहिला.

"हात घाबरतो, बाय. घाबरू दे. सोडायचा नाही. विहिरीवर माझापण सुटायचा."

चार वेळा केलं. पाचव्या वेळी त्यांनी आपला हात काढून घेतला आणि मला कळलंही नाही. हँडलवरच्या तेलाच्या डबीत मी आणलेलं नवं तेल भरून, सांडलेल्या थेंबांवर पाणी ओतून आम्ही दोघींनी पुरावा मिटवला.

पुढच्या वर्षी ब्रेकचं तेल बदलायचं होतं. मी खाली गेले. ओटा रिकामा होता. वहिनी माहेरी गेल्या होत्या, नवऱ्याला नाइलाजच होता.

"दाब," तो म्हणाला. मी दाबली. "धर." लिव्हर खचली, हात घाबरला, मी घाबरू दिला. नळीतून तेल आलं, मग दोन बुडबुडे, मग नुसतं तेल. एका फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत नाही, एकदाही बोट सुटलं नाही. माझा ऊर भरून आला. अंगणात आम्ही दोघंच होतो, आणि काम आमच्या दोघांचंच होतं.

तो चाकापाशी वाकलेला, पाना निप्पलवर, डोळे नळीवर. वर न बघता, अगदी कौतुकाने म्हणाला, "वा! अगदी वहिनींसारखा हात झालाय तुझा."

निप्पल अजून उघडं होतं. लिव्हर सुटता सुटता राहिली.