दोन दिवसांचा दामाद

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. जुने चार्जर आणि किस्से! चार्जर निदान भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मानवतला एसटी स्टँडजवळ माझं आणि अन्वरभाईचं दुकान आहे. आमची एक रीत आहे. लॅपटॉप घ्यायचा असेल तर आधी डेमोचा पीस दोन दिवस घरी न्यायचा, हवा तसा वापरायचा आणि परत आणताना बॅगेतल्या रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा. बाजारात बैलसुद्धा लोक जुंपून बघतात, मग लॅपटॉपच तसाच का घ्यायचा, असं अन्वरभाईचं म्हणणं.

यंदाचा डेमो पीस मधल्या दर्जाचा होता. रोजची कामं झटपट करणारा, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असल्यामुळे हलकेफुलके गेमही खेळू देणारा. तो घरोघर जायचा, लोक टेबल पुसून त्याला बसवायचे आणि वर खोडही काढायचे! म्हणून अन्वरभाईने त्याचं नाव ठेवलं 'दामाद'. गिऱ्हाइकाने गेमची सेटिंग वाढवली की तो कळवळून म्हणायचा, "हाई पे मत डालो मियाँ, दामाद कू पसीना आता!"

*

एक दिवस वालूरची प्रज्ञा खिल्लारे दुकानात आली. आर्किटेक्चरला नंबर लागलेला, महिन्याभरात संभाजीनगरला कॉलेज सुरू होणार. तिने दामादवर एका घराचं डिझाइन उघडलं, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि पोरीचा चेहराच खुलला.

"काका, मला हाच पाहिजे. पण बाबांसमोर गेम हा शब्द काढू नका!"

तिचे बाबा म्हणजे खिल्लारे भाऊसाहेब. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या भाच्याचं बारावीचं वर्ष मोबाईलवरच्या गेमपायी वाया गेलं होतं. तेव्हापासून गेम चालणारी वस्तू घरात येणार नाही, असा त्यांचा हुकूम. आता साध्या लॅपटॉपवर तिचं डिझाइन उघडून बघितलं, तर त्याने पाच मिनिटांत मान टाकली. म्हणजे पोरीचं सगळं इथेच अडलेलं!

दामादसाठी तिच्या आधी तीन नंबर लागलेले होते. पण तिला काळजी वेगळीच.

"काका, बाबा मागचे सगळे शेरे वाचणार बघा. मागची पानं वाचल्याशिवाय ते कशावरच सही करीत न्हाईत."

*

पहिला नंबर नारायणशेठचा. हयात कापसाच्या व्यापारात गेली. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला की ओल किती, ते सांगणार. त्यांनी दामादवर गेम सुरू करायला लावला, अर्धा तास चालू ठेवला आणि खालून पालथा हात लावला. डोळे मिटले.

"बेचाळीस."

आम्ही तापमान मोजायचं यंत्र लावलं. बेचाळीस! अन्वरभाईने त्यांना हात जोडले.

"हे गरम होणारच शेठ, गेम चालू आहे," मी म्हणालो.

"कापसाचा ढीग एवढा तापला असता तर आमी गंजी फोडून पसरवली असती," शेठ म्हणाले. "काढा याचं मागचं झाकण, वाळू द्या उन्हात!"

झाकण काही आम्ही काढलं नाही. शेठनी शेरा लिहिला : 'माल चांगला. पण जास्त वेळ गंजी लावून ठेवू नये.' मी तो प्रज्ञाला फोनवर वाचून दाखवला. "गंजी चालंल," प्रज्ञा म्हणाली, "गेम न्हाई ना लिहिलं?"

*

दुसरे चारठाण्याचे भगवानराव. शेतकरी माणूस, सोसायटीचं काम बघतात. त्यांना मी ऐटीत सांगितलं, "बॅटरी आठ तास चालते."

"आठ तास? म्हंजे आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या लाइटीएवढीच की! दिवसाची पाळी का रातची?"

दोन दिवसांनी ते दामादला घेऊन आले ते हसतच. कामाला लावला तर बॅटरी जेमतेम चार तास टिकली होती. पण राग अजिबात नाही, उलट घरचं माणूस भेटल्यासारखा आनंद! रजिस्टरमध्ये लिहिलं : 'आठ सांगतेत, चार येती. सवय हाय.' आणि त्याच दिवशी एक बुक करून गेले.

*

तिसरे कदम गुरुजी. त्यांनी दामादला थेट शाळेत नेलं. चौथीच्या वर्गात टेबलावर ठेवला, कविता लावली आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसले. कविता कुणालाच ऐकू आली नाही. मग मधल्या सुट्टीत लॅपटॉप पोरांच्या ताब्यात दिला आणि बाजूला उभं राहून निरीक्षण केलं. गुरुजींचा शेरा म्हणजे तीन ओळींचा निबंध :

'स्पीकरचा आवाज चौथीच्या वर्गापेक्षा कमी. अक्षरे स्पष्ट. गेम विनाअडथळा चालतात (मुलांनी सांगितले).'

झालं! प्रज्ञा दुकानातच होती. ती मटकन स्टुलावर बसली.

"अन्वरचाचा, हे पान फाडता येईल का?"

"बेटा, तेरे बाबा पन्ने गिनेंगे. पहले नंबर देखेंगे, फिर शेरे."

ते खरंच होतं. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. गुरुजींना काय बोलणार, त्यांनी आपलं खरं ते लिहिलं!

*

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "जय भीम" म्हणाले, मीही "जय भीम, भाऊसाहेब" म्हणालो. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. रजिस्टर मागितलं, पानं मोजली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. गंजीवर मान हलवली. लाइटीवर हसले. गुरुजींपाशी बोट थांबलं.

"यात गेम चालतो?"

अन्वरभाईने शेवटचा प्रयत्न केला. "चलता क्या साहब, बस रेंगता!"

"भाच्याचं वर्ष गेलं आमच्या. पोरीचं जाऊ देणार न्हाई. दुसरा दाखवा."

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज ठाम होता. "बाबा, दुसऱ्यावर माझं घर फिरत न्हाई. मी लोकांची घरं काढायला चालले, गेम खेळायला न्हाई."

मग मला एकदम सुचलं.

"भाऊसाहेब, गुरुजींनी पोरांकडून ऐकीव लिहिलंय. ऐकीव गोष्टीवर तुम्ही शेरा मारणार? चौकशी तरी करा."

चौकशी म्हटल्यावर भाऊसाहेब ताठ झाले. खिशातलं पेन चाचपलं. "बरोबर हाय. चौकशी झाली पायजे. मी स्वतः करतो."

अन्वरभाईने दामाद बॅगेत घालता घालता त्यातला एक गेम दाखवला. शहर वसवायचा. रस्ते काढायचे, वस्त्या बसवायच्या, पाइपलाइन टाकायची. "नल भी जोड सकते साहब. किसी की मंजुरी नहीं लगती."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "कुणाचीच न्हाई?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञाचा फोन आला.

"काका, बाबा सकाळपासून चौकशी करायलेत. आईनं जेवायला हाक मारली तर म्हणले, थांब, टाकी भरायली!"

तिसऱ्या दिवशी दामाद परत यायचा होता. आम्ही वाट बघत होतो. अकराच्या बसने प्रज्ञा एकटीच आली. हातात बॅग नव्हती, नुसतं रजिस्टर. तिने ते काउंटरवर ठेवलं आणि आमच्याकडे सरकवलं. अन्वरभाई तर घाबराच झाला. मी पान उघडलं. वळणदार अक्षर, खाली सही, तारखेसकट :

'विषय : लॅपटॉप खरेदी. चौकशी पूर्ण. सदर वस्तू मुलीच्या शिक्षणास आवश्यक असल्याने खरेदीस मंजुरी देण्यात येत आहे. गेमबाबतही स्वतः खातरजमा केली. तथापि, पूर्वेकडील वस्तीत नळाला अद्याप पाणी पोहोचलेले नाही आणि लोक वाट पाहत आहेत. सबब मुलीला नवीन पीस द्यावा. डेमो परत करता येणार नाही.'