लोरेन्झो हरवत नाही

प्रेमानंद मेश्रामांना जन्मात एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे हरवणं. चौतीस वर्षं नागपूरच्या धरमपेठेत टपाल वाटलेला माणूस. पुसलेलं नाव, अर्धवट पत्ता, नुसतं 'पिंपळाजवळ' लिहिलेलं पाकीट, सगळं त्यांनी बिनबोभाट पोचवलं. या गुणाचा त्यांना भारी अभिमान, आणि एकसष्टाव्या वर्षी नेमका तोच त्यांच्या मुळावर उठला.

झालं असं, की वस्तीच्या स्नेहसंमेलनात त्यांना पहिल्यांदाच नाटकात काम मिळालं. तोवर दरवर्षी ते पडदा ओढायचे आणि विंगेतून सगळ्यांची भाषणं मनातल्या मनात म्हणायचे. नाटक लिहिलं होतं मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या, वस्तीतल्याच हिमानीनं. तेराव्या शतकातला इटालियन दर्यावर्दी लोरेन्झो कालयंत्रात बसतो आणि थेट आजच्या नागपुरात उतरतो. लोरेन्झो म्हणजे आपले प्रेमानंद, कापसाची दाढी लावलेले. मखमली झग्याला त्यांच्या बायकोनं, सरितानं, स्वतः जरीची किनार लावली होती. घोडं अडलं ते एका वाक्यापाशी. यंत्रातून उतरून चहूकडे बघायचं आणि म्हणायचं, "मी हरवलो आहे."

"काका, तुमचं तोंड तर असं दिसून राहिलं, की आता पिनकोड सांगान," हिमानी म्हणाली. "शनिवारपर्यंत नाही जमलं तर झगा मोहितले द्यावा लागन."

बँकेतला मोहित झगा अंगाला लावून बघूनही गेला होता.

आज हरवूनच यायचं, असा चंग बांधून ते सकाळी निघाले. सवयीनं आधी धरमपेठेत गेले आणि मुद्दाम उलटसुलट गल्ल्या घेतल्या. तिसऱ्या फाटकातून हाक आली, "पोस्टमनकाका, चहा घ्या." घेतला. पाचव्या फाटकातही घेतला. अशानं माणूस हरवायचा कसा? वैतागून त्यांनी ऑटो पकडला आणि शहराच्या टोकाचं बेसा गाठलं.

तिथे कालपरवापर्यंत तूर होती, आता इमारती. सगळ्यांना तोच पिवळा रंग, तेच फाटक. चार वळणं घेऊन प्रेमानंद मागे वळले, तर आपण आलो कुठून हेच कळेना. तेवढ्यात हातात पाकीट घेतलेल्या एका बाईंनी विचारलं, "भाऊ, हे गुलमोहर अपार्टमेंट कोणतं जी?"

सवयीनं हात वर गेला आणि हवेतच राहिला. "मले माहीत नाही बाई," प्रेमानंद म्हणाले.

चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांना अशा काही गुदगुल्या झाल्या, की रस्त्याकडेच्या विटांवर बसून ते पोट धरून हसले. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं आणि कोणाचं काही पोचवायचं नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला.

"सरिता, मी हरवलो वं."

"मंग हासून काहून राहिले?"

"तेच तर समजून नाही राहिलं."

शनिवारच्या तालमीत त्यांनी तेच वाक्य लॉटरी लागल्यासारखं म्हटलं. हिमानी म्हणाली, "काका, इथं रडायचं होतं," आणि मग स्वतःच इतकी हसली, की वहीतलं 'रडत' तिनं खोडून टाकलं. मोहित झगा न घेताच घरी गेला.

रविवारी प्रयोगात ते वाक्य आलं आणि सभागृहानं शिट्ट्यांचा पाऊस पाडला. प्रेमानंदांना त्याची झिंग चढलीच. शेवटी लोरेन्झोनं एकट्यानं यंत्रात बसून परतायचं होतं. त्यांनी पहिल्या रांगेतल्या सरिताकडे हात केला, "चाल वं." तीही पदर खोचून उठली आणि पुठ्ठ्याच्या यंत्रात त्यांच्या शेजारी दाटीवाटीनं बसली.

टाळ्या थांबेनात आणि पडदाही पडेना. कसा पडणार? दरवर्षी तो ओढणारा यंत्रात बसला होता, आणि शेवटी तो कोण पाडणार हे कोणाला सुचलंच नव्हतं. प्रेमानंदांच्या हे ध्यानात आलं, तसे ते सवयीनं अर्धे उठले.

सरितानं झग्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं. "बसा जी. हरवले आहात ना तुम्ही?"