सहा नंबरची विहीर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एम.एस्सी.चं तिसरं सेमिस्टर सुरू झालं. पर्यावरणशास्त्राच्या वर्गात नऊ जण. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाचा विषय मांडायचा होता. भक्ती चोपडेकरचा विषय ठरलेला होता : तारकर्लीतल्या तिच्या वाडीच्या विहिरींत शिरणारं खारं पाणी. मे महिन्यात तिने कॉलेजातून क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र घरी नेलं होतं. चौदा विहिरींत बाटली सोडून नोंदी केल्या होत्या.

तिचं बोलून झाल्यावर लिंडा डिसोजा मॅडमनी नकाशा जवळ ओढला.

"पाचनंतर एकदम सात? सहा नंबर कुठे आहे?"

भक्ती खाली बघत वही मिटू लागली. मॅडमनी वर्गात पुन्हा विचारलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं, आणि भक्तीला रडू फुटलं.

सहा नंबरची विहीर काशीबाईंची होती. काशीबाई शेजारच्या, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. भक्तीच्या वडिलांनी, जितेंद्र चोपडेकरांनी, मासेमारी सोडून पाच वर्षांपूर्वी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि कुंपणालगत बोअरवेल मारली. सुट्ट्यांच्या दिवसांत पंप सकाळ-संध्याकाळ चालायचा. भक्तीने मेमध्ये काशीबाईंच्या विहिरीच्या पाण्यात यंत्र धरलं तेव्हा आकडा दोन हजार तीनशेवर गेला. बाकीच्या कुठल्याच विहिरीत तो हजाराच्या पुढे नव्हता.

त्या दिवशी काशीबाई रहाटाशेजारी उभ्या होत्या. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं.

"मिठाचो खडो घालूक नाय, तरी पेज खारट लागता," त्या म्हणाल्या होत्या. "जिभेची चवच गेली काय गो माझ्या? तुझा यंत्र काय सांगता?"

आणि भक्ती म्हणाली होती, "पाणी बरा आसा, काकी."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "विषय बदलायचा असेल तर बदल," त्या म्हणाल्या. "घरच्यांच्या विरोधात जा असं मी तुला सांगणार नाही. पाणी तुमच्याच बोअरमुळे खारावलं की आणखी कशामुळे, हे तू आज सिद्धही करू शकत नाहीस. पण तेरा विहिरींच्या नकाशावर मी सही करणार नाही."

शनिवारी भक्ती घरी आली. काशीबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. तिला बघून हसल्या. "माझा त्वांड सुदारला गो. आता पेज खारट लागणा नाय. डॉक्टरच्या गोळ्ये लागू पडले."

पावसाने विहीर भरली होती, पाणी तात्पुरतं गोडं झालं होतं, एवढंच. भक्ती तशीच घरात गेली.

जेवणं झाल्यावर तिने वडिलांना सहा नंबरचा आकडा सांगितला. आई ताटं उचलता उचलता थांबली.

"मगे लिवतलंस काय?" बाबांनी विचारलं. "बापसाचा नाव?"

"नाव नाय लिवणत, बाबा. विहिरींका नंबर आसत."

"नंबर वाचून वाडीक कळाचा नाय कोणाचो पंप तो? ह्याच खोल्यांवर शिकतंस ना तू?"

 खरंच होतं ते. बाबा उठून बाहेर गेले आणि पुढचे तीन आठवडे, ती दर शनिवारी घरी आली तरी, तिच्याशी बोलले नाहीत. तिने विषय बदलला नाही, आणि सहा नंबर भरलाही नाही. नकाशा तसाच वहीत राहिला.

चौथ्या रविवारी पाऊस उघडला होता. मागच्या पडवीतून बाबांनी हाक मारली. त्यांच्या हातात गवंड्याची मोजपट्टी होती.

"टोक धर," ते म्हणाले.

एक टोक बोअरवेलच्या पाइपाला धरून ती उभी राहिली. बाबा चिखलातून, कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि पट्टी काशीबाईंच्या विहिरीच्या कठड्याला लावली.

"अडतीस फूट," ते ओरडले. "चाळीस लिवू नको. अडतीस लिव."

काशीबाई आवाजाने बाहेर आल्या. मग भक्तीलाच सांगावं लागलं. मेमध्ये यंत्रावर काय आलं होतं आणि ती काय बोलली होती, दोन्ही. जितेंद्र मान खाली घालून शेजारी उभे राहिले.

काशीबाईंनी जितेंद्रांकडे पाहिलंच नाही. त्या भक्तीला म्हणाल्या, "मे म्हयन्यापासून ह्या पाणी मी पियालंय. तुका म्हायत होता." आणि आत गेल्या.

त्यानंतर भक्ती दर महिन्याला बाटली घेऊन जायची तेव्हा त्या कुंपणाच्या बेड्याचे आडवे बांबू काढून तिला आत येऊ द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. पंप कमी चालावा म्हणून जितेंद्रांनी येत्या मार्चपासून दोन खोल्या बंद ठेवायचं ठरवलं. वाडीतल्या इतर लॉजवाल्यांना ते आवडलं नाही. आपल्या बोअरवेलींवरही आता बोट येणार, म्हणून दोघा-तिघांनी त्यांच्याकडे येणं-जाणं सोडलं. आईला त्याचं फार लागलं. गणपतीत माणसंच कमी आली, म्हणून घरची आरती दरवर्षीपेक्षा लवकर आटपली.

नोव्हेंबरच्या शेवटी सेमिस्टरचा अहवाल द्यायचा होता. त्यात चौदा विहिरी होत्या. आधीच्या नकाशात एक नोंद गाळली होती, हेही भक्तीने त्यात स्वतःहून लिहिलं. त्यासाठी तिचे गुण कापले गेले. मॅडमनी सही केली.

डिसेंबरात नोंद घ्यायला गेली तेव्हा आकडा पुन्हा चढू लागला होता. ती तो वहीत लिहीत असताना काशीबाई मागून म्हणाल्या, "किती झाला?"

भक्तीने आकडा सांगितला. वाडीत सगळ्यात गोडं पाणी तेरा नंबरचं आहे, तेही सांगितलं.

"परत गोडा होतला काय, गो?"

"माका म्हायत नाय, काकी. पंप कमी चलवून दोन-तीन वर्सा बघूक व्होया. कदाचित होवचाही नाय."

काशीबाईंनी कठड्यावरून आत वाकून पाहिलं. मग त्यांनी घरातून रिकामी कळशी आणली आणि भक्तीच्या हातात दिली.

"तेरा नंबरची विहीर खंयची?" त्यांनी विचारलं. "थयसून भरून हाड."