सिलिंगपुरती मुलगी

मला जन्म देणाऱ्या माणसाला मी कायम मामाच म्हणत आले. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि ऐकणाऱ्यानं चुकचुकावं असंही काही नाही. माझी आई त्याची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. इकडे मामाला एकापाठोपाठ तीन मुली, आणि चौथी मी. बहिणीचं घर रिकामं आणि आपलं घर मुलींनी भरलेलं, असा सरळ हिशेब करून मी पाच-सहा महिन्यांची असताना त्यानं मला बहिणीच्या मांडीवर घातलं. कोल्हारला, त्याच्याच अंगणात, भावकीतली चार माणसं बसवून. साखर वाटली आणि कार्य उरकलं. कागद मात्र केला नाही. मुलगा दत्तक दिला असता तर वकील झाला असता, स्टँप झाला असता, जेवणावळही उठली असती. मुलीचं काय लिहायचं असतं?

आई मला घेऊन एस.टी.नं भिंगारला आली. त्या दिवसापासून बापाचा मामा झाला आणि जन्मदातीची मामी झाली. गावात कुणाची जीभ त्यावर अडखळली नाही. मी तिसऱ्या वर्षात गेल्यावर आईनं हौसेनं माझं जावळ काढलं, कोल्हारच्याच देवीपुढं. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं. मामा फेटा बांधून बसला, मला मांडीवर घेतलं, न्हाव्यानं कात्री लावली. मी इतकी रडले की मामाचा नवा सदरा खराब केला, असं आई मला नेहमी सांगायची, आणि सांगताना तिला फार आनंद व्हायचा.

भिंगारच्या जुन्या बाजारात लष्करी कपडे शिवणाऱ्या शिंप्यांची दुकानं होती. त्यांची काजं-बटणं आई घरी आणून करायची. जाड खाकी कापडातून सुई ओढून ओढून तिची बोटं कायमची खरबरीत झाली होती. माझे केस विंचरताना ती डोक्याला लागायची. शेजारीण एकदा मला ऐकू येईल अशा बेतानं ‘दुसऱ्याची पोर’ म्हणाली. आईनं हातातलं काम खाली ठेवलं, तिच्या दारात गेली आणि म्हणाली, “दुसऱ्याची असती तर तुझ्यावानी उपाशी पाठवली असती शाळंत.” पुढं बरेच दिवस दोघींचं बोलणं बंद होतं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

घोळ झाला तो शाळेत. नाव घालताना गुरुजींनी मुलीच्या बापाचं नाव विचारलं. आईनं आपल्या नवऱ्याचं सांगितलं. तो कधी वारला हेही भोळेपणानं सांगून टाकलं. गुरुजी हसले. मेलेल्या माणसाला मुलगी कशी झाली, म्हणाले, आणि विचारून विचारून जिवंत माणसाचं नाव काढून घेतलं. रजिस्टरात मामाचं नाव चढलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. “लिवा कायबी,” ती म्हणाली, “पोर निजती माझ्याच घरात.” आमच्याकडच्या माणसांची ही जुनी खोड. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट सरकारलाही ठाऊक असणार, असं ती धरून चालतात.

मी मॅट्रिक झाले ते दुष्काळाचं साल होतं. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली परीक्षा संपताच आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेल्या. मला नगरला कॉलेजात जायचं होतं. काजं-बटणांच्या पैशांत घर चालायचं, कॉलेज चालणार नव्हतं. पण कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ करणारी ई.बी.सी.ची सवलत होती, आणि आईपेक्षा कमी उत्पन्न असायचं तर माणसाला पोटच नको. तेव्हा आम्ही दोघी मोठ्या निर्धास्तपणे उत्पन्नाचा दाखला आणायला कचेरीत गेलो.

कारकुनानं शाळेचा दाखला पाहिला. “बापाचं उत्पन्न आणा.”

“मीच हाय की तिची आई आन बाप,” आई म्हणाली. “मी दत्तक घेतलीय तिला.”

“मुलगी कुठं दत्तक घेतात का, मावशी? आणि बाईमाणसाला दत्तक घेता येतं का?” त्यानं कागद परत आमच्याकडं सरकवला. “इथं ह्यांचं नाव आहे. कोल्हारचे म्हणता, म्हणजे पाटाखालची बागायत असणार. ऊस असेल. उसाच्या बागायतदाराच्या मुलीला सवलत देऊ? माझी नोकरी घालवता का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हारला. भावानं एका कागदावर दोन ओळी लिहून द्याव्यात, की मुलगी बहिणीला दत्तक दिलेली आहे, एवढंच मागणं होतं. मामानं चहा मागवला, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि मग सरळ नाही म्हणाला.

“तुझी पोर तुझ्यापाशीच हाय की. कागदावर माझी ऱ्हाऊ दे.”

कारण त्यानं लपवलं नाही, उलट आपली हुशारी म्हणून सांगितलं. तेव्हा बागायतदारांना सिलिंगची धास्ती होती. एका कुटुंबानं किती जमीन ठेवायची ते सरकार ठरवत होतं, आणि पाचापेक्षा जास्त माणसांचं घर असलं की माणसागणिक थोडी जास्त ठेवता यायची. मामाच्या मोठ्या दोघी लग्न होऊन गेल्या होत्या. माझ्या पाठीवर त्याला दोन मुलगे झाले होते. ते दोघं, तिसरी मुलगी, तो, मामी, आणि वर शाळेच्या दाखल्यासकट सहावी मी. सोळा वर्षांत त्यानं मला एक परकर शिवला नव्हता, पण जमीन मोजायची वेळ आली तशी मी त्याला बरोबर आठवले.

म्हणजे एका टेबलावर सरकार म्हणत होतं, ही ह्याची मुलगी आहे, म्हणून ह्याला जास्त जमीन. दुसऱ्या टेबलावर तेच सरकार म्हणत होतं, हिच्या बापाला एवढी जमीन आहे, म्हणून हिला सवलत नाही. माझं अंग पेटलं.

“फीचं म्हनशील तर मी देतो वर्षभराची,” मामा म्हणाला. “पन मंग पुढल्या साली मी म्हनंल त्या घरी लगीन. स्थळ बघून ठिवलंय.”

आई उठली. “चल गं,” म्हणाली. चहा तसाच राहिला. मामी आतल्या दाराशी उभी होती. ती कधी बाहेर येऊन बोललेली मला आठवत नाही, त्या दिवशीही नाही बोलली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, गप्प बसा, असं भिंगारला चौघांनी आम्हाला समजावलं. मी गप्प बसले नाही. कारकुनाला ओलांडून मी त्याच्या साहेबाच्या खोलीत शिरले, कारकून मागून ओरडत आला तरी थांबले नाही. साहेब नवीन होता, चेहरा आंबट, आवाज कोरडा. त्यानं ऐकून घेतलं आणि कारकुनालाच सांगितलं की छप्पन सालच्या कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येते आणि विधवेलाही घेता येते. कागद नसला तरी चालतं. देणाऱ्यांनी दिली आणि घेणारीनं घेतली, एवढं पटलं पाहिजे. “पण देणाऱ्या दोघांचा जबाब हवा,” तो मला म्हणाला. “त्यांनी नाकारलं तर मी काही करू शकणार नाही. मग कोर्टात जा.” कोर्टात जायचं तर माझं कॉलेज संपायच्या वयात निकाल लागला असता, हे मलाही कळत होतं.

नोटीस गेली म्हणून मामा आला. परीटघडीचं धोतर, टोपी, आणि चार पावलं मागं मामी. साहेबानं त्याला खुर्ची दिली. मामी भिंतीला टेकून उभी राहिली, म्हणून आई आणि मीही उभ्याच राहिलो.

“मुलगी कुणाची?” साहेबानं विचारलं.

“माझी. बहीन एकली पडली, तिच्या सोबतीला ठिवलीय.”

साहेब लिहायला लागला. माझ्यानं राहवलं नाही. “मामा,” मी म्हणाले, “माझं जावळ काढलं तेव्हा फेटा बांधून मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?”

खोलीत कागद आणायला आलेला कारकूनही थांबला. हे समजायला कुणाला कायदा लागत नव्हता. मुलीच्या जावळाला मामा बसतो. बाप बसत नाही.

“तुम्ही बसला होता?” साहेबानं विचारलं.

मामानं टोपी काढली, परत घातली. साऱ्या कोल्हारनं देवीपुढं पाहिलेली गोष्ट, नाही कसं म्हणणार? दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याची व्हायची तीच गत झाली. “दिली हुती,” तो शेवटी म्हणाला. “कबूल. पन वकिलाला इचारून आलोय मी. बायकूची संमती नसली तर कायद्यानं त्ये देनं खरं न्हवं.” आता त्याचा आवाज चढला. “आन हिची संमती न्हवती. इचारा हिलाच. सांग गं साहेबास्नी.”

साहेबानं माझ्या आईकडं पाहिलं. आईचा चेहरा उतरला होता. मामाचं म्हणणं खरं आहे, हे मला तिच्या त्या चेहऱ्यावरून कळलं. एवढं भांडून शेवटी मी कोण, हे ठरणार होतं एका अशा बाईच्या तोंडून, जिनं माझ्यादेखत कधी तोंड उघडलं नव्हतं.

“सांगा बाई,” साहेब म्हणाला. “मुलगी दिली तेव्हा तुमची संमती होती का?”

मामी भिंतीपासून पुढं आली. “हुती,” ती म्हणाली. “मीच म्हनलं, वन्संच्या पदरात घाला. लिवा तसं.”

“काय बोलतीस तू?” मामा खुर्चीतून अर्धा उठला.

“बसा,” साहेब म्हणाला. “त्यांना विचारा, असं तुम्हीच सांगितलंत.”

मामानं सही केली, मामीनं अंगठा दिला. पुढं दाखला आईच्या उत्पन्नाचा मिळाला, फी माफ झाली, मी कॉलेजात गेले. मामाची जमीन किती गेली, गेली की नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि मला त्याचं सुतक नाही.

पण त्या दिवशी आम्ही तिघी पायऱ्यांवर आलो तेव्हा आईनं मामीचा हात धरला. मामा रागानं पुढं निघून गेला होता.

“वैनी, खोटं का बोलला?” आई म्हणाली. “तुमी तर माजघरात रडत हुता त्या दिशी. म्या ऐकलंय.”

“तवा मला कुनी इचारलंच न्हाई, वन्सं,” मामी म्हणाली. “इचारलं असतं तर म्या दिली नसती.” माझ्याकडं तिनं तेव्हा नीट पाहिलं. “आज इचारलं. तर आज दिली.”

मला रडू आलं नाही. राग आला, त्या अंगणात साखर खाऊन उठलेल्या प्रत्येकाचा, आणि तो अजून गेलेला नाही.

फाटकातून मामानं हाक मारली, एस.टी. चुकंल म्हणून. मामी लगेच निघाली नाही. पायरीवर बसली, लुगड्याचा पदर घेऊन अंगठ्यावरची शाई पुसायला लागली. शाई सहज निघत नव्हती आणि तिला घाईही नव्हती. मामानं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तो फाटकाशी उभा राहून वाट बघत होता. बायकोसाठी थांबलेलं मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.