बारा हजार पावलं

नलूवहिनी ओट्यापाशी एका जागी उभ्या राहून रोज बारा हजार पावलं चालायच्या. खोटं वाटेल, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मनगटावर मुलाने मस्कतहून पाठवलेलं घड्याळ, हातात लाटणं, आणि दर पोळीमागे घड्याळातला आकडा वीस-पंचवीसने पुढे.

खारीगावाजवळच्या आमच्या सोसायटीत त्यांचा पोळीभाजीचा धंदा होता. मी समोरच्याच दारात राहते. नवऱ्यामागे त्यांनी पोळ्या लाटूनच मंदारला इंजिनिअर केलं. गेल्या दिवाळीनंतर साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मंदारने तिकडून फर्मान काढलं, घड्याळात आठ हजार पावलं दिसली नाहीत तर पोळ्या बंद, आणि सरळ मस्कतला यायचं. तो आकडा त्याला तिथे फोनवर दिसायचा.

"तिकडे जाऊन मी काय भिंती बघत बसू?" वहिनी म्हणाल्या. पण लाटणं फिरलं तरी घड्याळ त्याला चालणंच समजतं, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं. काय हसल्या! "बघा, माझं चालणं झालं!" मग तेच त्यांचं पालुपद झालं. खाली फिरायला चला म्हटलं की, "माझं चालणं झालं." दारातल्या गुजराती गिऱ्हाइकाने घाई केली की, "रुको भाई, मेरा मॉर्निंग वॉक चालू है." मीही खो खो हसायचे. मंदारचा नंबर माझ्याकडे होता. एकदाही लावला नाही.

होळीनंतर वहिनींचे पाय सुजायला लागले. उभं राहवेना, म्हणून लाटायला राई गावची वनिता यायला लागली आणि वहिनी खुर्चीत बसून कणीक मळू लागल्या. "मंदारला कळवलंत का?" मी विचारलं.

"कशाला? तो खूश आहे. रोज शाब्बास म्हणतो मला."

मे महिन्यात एका सकाळी वनिताने माझं दार बडवलं. वहिनी खुर्चीतच गेल्या होत्या. खालचे डॉक्टर येऊन बघून गेले, हृदय बंद पडलं म्हणाले. मी मंदारला फोन लावला. तो ओरडलाच, "काकू, काहीतरी चुकतंय तुमचं! आत्तापर्यंत सात हजार पावलं चाललीय ती!"

मी वहिनींच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं. ते वनिताच्या हातात होतं, पिठाने माखलेलं.

"त्याच बोलल्या, तू घाल," ती रडत म्हणाली. "दोन महिनं माज्याच हातात हाय. कशासाठी, ते मला ठाव न्हाय."

दोन महिने मी रोज त्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले होते. सुजलेले पाय दिसले, घड्याळ दिसलं नाही. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मंदार आल्यावर घड्याळाचं सगळं मी त्याला सांगितलं. तेराव्यानंतर त्याने वनिताला बोलावलं. घड्याळ तिच्या हातात बांधलं आणि म्हणाला, "एक पोळी लाट." आता हा तिला फाडून खाणार, असं मला वाटलं. पोळी लाटून झाली, आकडा वाढला. मंदार आकड्याकडे बघतच नव्हता. तो वनिताच्या पायांकडे बघत होता. ते फरशीवरून तसूभरही हलले नव्हते.

"सहा महिने," तो म्हणाला, "मी रोज तिला शाब्बास म्हणत होतो, काकू."