अडतीस आणि चार

आमच्या दुकानात कुणीही आलं की दारातूनच विचारायचं, "मिस्त्री हायेत का?" मी समोर बसलेली असायची. मांडीपुढं उघडी मोटार, हातात तार, बोटांना वार्निशचा वास. तरी पावणं माझ्या डोक्यावरून आत बघायचं. मी म्हणायची, "चहाला गेल्यात. मोटार ठेवा तिथं." आणि ती मोटार मीच भरायची. वीस वर्षं हे असंच चाललं.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून इथं मीही तसंच म्हणते. आमचं काम शेतीच्या पाण्याच्या मोटारी भरायचं. मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार उपटून काढायची, नव्या तारेची वेटोळी करून त्याच खाचांत बसवायची, वार्निश पाजायचं आणि उन्हात ठेवायचं. बोरीत नदीकाठाला इतक्या मोटारी आहेत की आम्हाला कामाची ददात कधी पडली नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुपारी डबा घेऊन जायची, तिथंच बसायची, आणि बघता बघता हात बसला. शिकवलं कुणी म्हणाल, तर कुणीच नाही. मिस्त्री चूक झाली की हातातून काढून घ्यायचे, आणि बरोबर झालं की काहीच बोलायचे नाहीत. तीच शाबासकी समजायची.

वेढे मोजायची आमची एक रीत होती. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. माझ्या सासऱ्यांची ती सवय मिस्त्रींनी तारेला लावली. तार गुंडाळायच्या मशीनचं हँडल फिरवायचं आणि तोंडानं म्हणायचं: लाभ, दोन, तीन, चार. अडतीसला थांबायचं आणि तार कापायची. कंपनी त्याच वेटोळ्यात बेचाळीस वेढे घालते. आम्ही अडतीसच घालायचो.

ते अडतीस काही सहज आलेले नव्हते. पूर्वी आमच्याकडं लाईट यायची ती नावालाच. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की दुकानातला दिवा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा आणि मोटारी नुसत्या घूं घूं करत जागेवर बसायच्या. मिस्त्रींनी स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं की चार वेढे कमी घातले आणि तार जरा जाड घेतली, तर विजेच्या कमी दाबातही मोटार उठते. ना पुस्तक, ना गुरू. गावोगाव बोलबाला झाला, बोरीच्या मिस्त्रीची मोटार मेल्या लाईटवर बी पाणी उचलते. लोक लांबून टेम्पोत घालून मोटारी आणायचे. त्या अडतिसाचा मलाही तेवढाच तोरा होता, खोटं कशाला बोलू?

आणि मग त्याच मोटारी जळून परत यायला लागल्या.

पहिल्यांदा वाटलं, तार खराब आली. तार बदलली. मग वाटलं वार्निश. तेही बदललं. मोटार दीड महिना चालायची आणि पुन्हा काळी होऊन दारात यायची. आमच्या शेजारच्या मळ्यातले एक टोमॅटोवाले भाऊ तिसऱ्यांदा आले तेव्हा मोटार ठेवायलाही आत आले नाहीत. दारातच म्हणाले, "मिस्त्री, राग नका धरू. पर माल तोडणीला आलाय आन् मोटार पुन्यांदा बसली. आता नारायणगावला नेतो." मिस्त्रींनी गाडीतली मोटार स्वतः दोरीनं घट्ट बांधून दिली.

घरी येऊन जेवायला बसले आणि हाताचे पंजे पालथे करून बघत म्हणाले, "हात गेला माझा. डोळं बी गेलं. दिवाळीपत्तोर बघतो, न्हाईतर मशीन इकून टाकू."

ज्या माणसानं आयुष्यात दुसरा धंदा केला नाही, तो दुकान बंद करून घरात बसला तर काय होईल हे मला लख्ख दिसत होतं. आमच्या गावात अशी दोन-चार माणसं आहेत. पारावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले विचारतात.

आमची लेक अवसरीला इंजिनिअरिंगला आहे. ती सुट्टीत आली होती. तिनं मोबाइलवर एक कोर्स काढून माझ्यापुढं धरला. मोटार रिवाइंडिंगचाच. धडे मोबाइलवर बघायचे, आठवड्यातून दोनदा दुपारी मास्तर समोर दिसणार, प्रात्यक्षिक आपल्याच जागेवर करायचं आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. पास झालं की सर्टिफिकेट. ती म्हणाली, "आई, तुला अर्धं येतंच. उरलेलं अर्धं काय आहे ते तरी कळेल." मी बारावी पास आहे. त्याच बैठकीत फॉर्म भरून टाकला.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "मोबाइलवर मोटार भरनार? मग उद्याच्यापास्नं भाकरी बी मोबाइलवरच थाप."

"थापते की. तुमी मोबाइलच चावा मग."

भाकरी चुलीवर आणि धडा कानात, असं माझं शिक्षण सुरू झालं. पहिले काही धडे बघून मी नाक मुरडलं. तार कशी सोलायची, पक्कड कशी धरायची. अहो, हे मी झोपेतही करते! पण पुढं पुढं कान टवकारले जायला लागले. जे मी हातानं करत होते त्याला कारण असतं, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कागद खाचेत का घालायचा, वार्निश दोनदा का पाजायचं. प्रत्येक कारण ऐकताना मला वाटायचं, अरेच्चा, म्हणजे आपण बरोबरच करत होतो. त्यानं जी ताकद येते ना, ती काही औरच.

एका दुपारी मास्तरांनी सगळ्यांना वेढे मोजून दाखवायला सांगितलं. मी सुरू केलं, "लाभ, दोन, तीन..." पडद्यावरची सगळी डोकी हसायला लागली. मास्तर म्हणाले, "ताई, एक कुठं गेला?" आहुप्याकडची एक बाई आमच्यात होती, तिची रेंज सारखी जायची म्हणून ती कधी दिसायची नाही. तिनं तेवढ्यात खाली लिहून पाठवलं, "आमच्याकडंबी लाभच म्हणतात." मास्तर म्हणाले, बरं, तुमचा लाभ चालेल. मीही म्हटलं, चालायलाच पाहिजे.

मग दाबाचा धडा आला. मास्तर म्हणाले, कुठलीही मोटार भरायच्या आधी तिथला दाब मीटरनं मोजा. कमी दाबासाठी वेढे कमी केलेली मोटार पुऱ्या दाबावर लावली, तर ती जास्त करंट ओढते, तापते आणि महिन्या-दोन महिन्यांत जळते.

माझा हात पिठातच राहिला.

दुकानात मीटर होता, पण तो खिळ्याला धूळ खात लटकलेला. मिस्त्रींना त्याची गरजच वाटायची नाही. दिव्याचा रंग बघून ते दाब सांगायचे आणि अंदाज कधी चुकायचा नाही. पण आता आमच्या दुकानातही एलईडी होता, आणि एलईडी दाब कमी असो नाहीतर पुरा, सारखाच पांढरा जळतो. मधल्या काळात गावाला नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता, लाईट दिवसा आणि पुऱ्या दाबानं यायला लागली होती, पण ते सांगणारा जुना दिवाच उरला नव्हता. मी मीटर पुसला आणि लावला. चारशेच्या वर आकडा. नदीवर जाऊन टोमॅटोवाल्या भाऊंच्या मोटारीच्या पेटीत लावला. तिथंही चारशे पंधरा, म्हणजे पुरा दाब. पूर्वी तिथं साडेतीनशेसुद्धा मिळायची मारामार होती.

म्हणजे मिस्त्रींचा हात गेलेला नव्हता. हात होता तसाच होता, लाईट बदलली होती. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळतच दुकानात आले आणि आल्या आल्या बोलून टाकलं, "अहो, अडतीस चुकीचं हायेत! बेचाळीस घालाय पायजेत!"

असं बोलायचं नसतं, हे मला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं.

मिस्त्रींनी पक्कड फेकली. "ज्या अडतिसावर ह्ये घर उभं ऱ्हायलं, ते चुकीचं? तुझ्या मास्तराला म्हनावं, ये बोरीला, चार मोटारी भर आन् मग बोल."

"तवा बरोबर व्हतं. आता न्हाई. मीटर बघा."

"मला मीटर शिकवू नगं."

तेही रुसले आणि मीही चिडले. चिडणार नाही तर काय! मी म्हटलं, मी आता अडतीसची मोटार भरणार नाही. ते म्हणाले, मी बेचाळीसची भरणार नाही. आठ दिवस दुकानात एकही मोटार भरली गेली नाही. दारात मोटारींची रांग, आत नवरा-बायको एकमेकांकडं पाठ करून बसलेले. लोक विचारायचे, काय झालं? आम्ही दोघंही एकदम सांगायचो, तार संपली.

मग मी एक केलं. कानातली वायर काढून ठेवली आणि धडे मोठ्या आवाजात लावायला लागले. दाबाचा धडा तीनदा लावला. मिस्त्री पाठमोरे बसून तेच ते बेअरिंग घासत राहायचे. मान हलायची नाही. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. दिवाळीला तीन आठवडे उरले होते.

त्यातच माझी परीक्षा आली. नियम कडक होते. व्हिडिओ एका दमात काढायचा, मध्ये थांबवायचा नाही. चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत. वेढे मोठ्यानं मोजायचे. आणि दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर व्हिडिओ बाद. मिस्त्री चहाला गेलेले बघून मी टोमॅटोच्या दोन क्रेटवर मोबाइल सुतळीनं बांधला, पदर खोचला, साचा मशीनला लावला आणि सुरू केलं.

लाभ, दोन, तीन. सुरुवातीला जरा अडखळले, दहानंतर लय लागली. वीस. पंचवीस. हँडल छान फिरत होतं. मास्तरांना दाखवूनच देते, असं मनात आलं. पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस. आणि माझा हात थांबला. नुसता थांबला नाही, डाव्या हातानं तारेवर पक्कडसुद्धा धरली. आठ दिवस ज्याच्यासाठी भांडले, तेच मी विसरले. वीस वर्षांचा हात, तो डोक्याला विचारत नाही.

"अजून चार."

मी मान वर केली. मिस्त्री दारात उभे होते. किती वेळचे होते कोण जाणे.

"बघत काय बसलीस? फिरव हँडल." ते आत आले, समोर उकिडवे बसले आणि तारेला बोट लावून मोजायला लागले, "एकुनचाळीस. चाळीस. एक्केचाळीस." मी फिरवत होते आणि समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. बेचाळीस झाल्यावर म्हणाले, "काप आता."

मी तार कापली. मग म्हटलं, "अहो, माझी परीक्षा चालू हाय. तुमी बोललात, ती गेली."

त्यांनी क्रेटवरच्या मोबाइलकडं बघितलं. "मग परत दे. तार लई हाय."

नंतर कळलं, रोज चहाला म्हणून हा माणूस मीटर खिशात घालून नदीवर जात होता. एक-दोन नाही, अकरा पेट्या मोजल्या होत्या त्यांनी. बायकोचं ऐकलं असं दिसायला नको म्हणून स्वतःचं स्वतः बघून आले. म्हटलं, असू दे. मास्तरांचा धडा तरी त्यांनी मन लावून ऐकला.

त्याच संध्याकाळी ते टोमॅटोवाल्या भाऊंच्या घरी गेले. मी बरोबर होते. ओट्यावर बसले आणि सरळ म्हणाले, "भाऊ, चूक माझी व्हती. लाईट बदलली आन् मी बदललो न्हाई. हिरीवरची मोटार बी अडतीसचीच हाय, ती द्या, परत भरून देतो." भाऊ म्हणाले, "राव, कोन मिस्त्री असं कबूल करतो?" ती मोटार त्यांनी स्वतः आमच्या दुकानात आणून टाकली. दिवाळी आली आणि गेली, मशीन आहे तिथंच आहे.

दुसऱ्या व्हिडिओत मी पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. सर्टिफिकेट मिस्त्रींनीच काच बसवून आणलं आणि मीटरच्या खिळ्याशेजारी लावलं. माझा मोबाइल मात्र सारखा भरतो. लेक घरी आली की कुरकुरते, "आई, तो बाद झालेला व्हिडिओ काढून टाक ना, केवढी जागा खातोय." मी म्हणते, बाकी काय हवं ते काढ. माझ्या नवऱ्यानं बेचाळीसपर्यंत पहिल्यांदा मोजलं, ते फक्त त्यातच आहे.